प्रेक्षणीय स्थळांच्या यादीबाहेरचे घाटकोपर : उपनगराच्या स्थानिक इतिहासाचा एक अभ्यास

गोषवारा

महाराष्ट्राची राजधानी असलेल्या मुंबईचा इतिहास सामान्यतः दक्षिण मुंबईतील वास्तूंच्या आधारे सांगितला जातो. मध्य रेल्वेवरील घाटकोपर हे उपनगर या इतिहासात क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखात घाटकोपर व लगतच्या परिसरातील स्थळनामे, मिठागरे, टेकडीवरील वस्त्या, चिरागनगर आणि माता रमाबाई आंबेडकर नगर यांचा ऐतिहासिक स्थळे म्हणून विचार केला आहे. यांपैकी बहुतेक ठिकाणी संरक्षित अशी वास्तू नाही. पुनर्विकासाच्या काळात अशा स्थळांच्या नोंदी करणे हे स्थानिक इतिहासलेखनाचे तातडीचे काम आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

प्रस्तावना

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची निर्मिती झाली आणि मुंबई राज्याची राजधानी झाली. राजधानी पाहावयास येणारा प्रवासी गेट वे ऑफ इंडिया, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, राजाबाई टॉवर, वस्तुसंग्रहालय आणि घारापुरीची लेणी पाहून परततो. उपनगरात गेलाच तर कान्हेरी, मंडपेश्वर वा जोगेश्वरी येथील लेण्यांपर्यंत जातो. घाटकोपरला तो बहुधा गाडी बदलण्यासाठीच उतरतो. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मेट्रो सुरू झाल्यापासून घाटकोपर स्थानक अधिकच गजबजले. परंतु या गर्दीतील बहुसंख्य लोकांच्या दृष्टीने घाटकोपर हा एक जिना आणि दोन फलाट यांपलीकडे जात नाही.

वर्तमानपत्रांतून घाटकोपरची ओळख होते ती मुख्यतः दुर्घटनांमुळे. १३ मे २०२४ रोजी छेडानगर येथे महाकाय जाहिरात फलक कोसळून सतरा जण मृत्युमुखी पडले. त्याच महिन्यात विमानाची धडक बसून रोहित पक्ष्यांचा थवा घाटकोपरच्या वस्तीवर मरून पडला. अशा बातम्यांनी परिसराचे नाव सर्वतोमुखी होते, पण त्याचा इतिहास मात्र अज्ञातच राहतो. ज्या उपनगरात लाखो लोक राहतात त्याला सांगण्याजोगा इतिहासच नाही, असा समज यातून दृढ होतो. हा समज तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'प्रेक्षणीय स्थळ' ही संकल्पना

कोणते स्थळ पाहण्याजोगे, याचा निर्णय आपोआप होत नाही. ब्रिटिश प्रशासनाने १८८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरचा एक संपूर्ण खंड जिल्ह्यातील उल्लेखनीय स्थळांना वाहिलेला आहे. साष्टी बेट त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. किल्ले, लेणी, मंदिरे, चर्च, बंदरे आणि शिलालेख यांकडे त्या खंडाची विशेष दृष्टी होती. दगडात टिकलेले ते ऐतिहासिक, हा निकष तेथे गृहीत धरलेला दिसतो. गॅझेटिअरकारांचे परिश्रम निर्विवाद आहेत. तथापि ज्या गावात शेत, आगर आणि कुडाची घरे होती, त्या गावाला अशा निकषात फारसे स्थान मिळणे शक्य नव्हते.

पुढील काळातही हा निकष फारसा बदलला नाही. १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा वास्तूंविषयीची नियमावली लागू झाली. देशातील अशा प्रकारच्या आरंभीच्या प्रयत्नांत तिची गणना होते आणि तिच्यामुळे अनेक वास्तू वाचल्या, हे मान्यच केले पाहिजे. परंतु मूळ यादीचा भर प्रामुख्याने मुंबई बेटावर होता. जागतिक वारसा यादीतही मुंबई परिसरातील घारापुरी (१९८७), तत्कालीन व्हिक्टोरिया टर्मिनस (२००४) आणि व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूह (२०१८) यांचा समावेश झाला. या याद्यांमध्ये कारागिरी आणि स्थापत्यशैली यांना मान आहे. ज्या वस्त्यांमध्ये शहर चालविणारे लोक राहिले, लिहिते झाले, लढले आणि मेले, त्या वस्त्यांना सामावून घेणारा रकाना मात्र त्यांत नाही.

साष्टीतील गाव ते महानगराचे उपनगर

घाटकोपरचा इतिहास मुंबई बेटाचा नसून साष्टीचा आहे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. १५३४ च्या वसई तहाने हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टी जिंकली आणि १७३९ मध्ये वसईचा किल्ला सर केला. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला व १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीवरील त्यांचा ताबा कायम झाला. म्हणजे मुंबई बेट इंग्रजी अमलाखाली येऊन शंभराहून अधिक वर्षे लोटल्यावर घाटकोपरचा परिसर त्या अमलाखाली आला. मधल्या काळात येथील रयतेने पोर्तुगीज आणि मराठे अशा दोन राजवटी अनुभवल्या होत्या. 'मुंबईचा इतिहास' या एकाच शीर्षकाखाली बेट व साष्टी यांची सरमिसळ केली असता हा फरक पुसला जातो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शीव येथे सेतुमार्ग बांधला गेला आणि बेट साष्टीशी खुष्कीने जोडले गेले. आग्र्याकडे जाणारा रस्ता याच बाजूने जात असे. आजचा लाल बहादूर शास्त्री मार्ग तो हाच. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी आगगाडी धावली, तिचा लोहमार्गही घाटकोपरच्या हद्दीतून गेला. रस्ता पश्चिमेस आणि लोहमार्ग मधोमध, अशी या परिसराची आखणी तेव्हापासूनच ठरून गेली. आज 'पूर्व' आणि 'पश्चिम' असे जे दोन घाटकोपर मानले जातात, ते या लोहमार्गाचेच अपत्य होय.

१९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा स्थापन झाला. स्वातंत्र्यपूर्व काळात घाटकोपर-किरोळ ही स्वतंत्र नगरपालिका होती. १९५० मध्ये महापालिकेची हद्द भांडुपपर्यंत वाढली आणि घाटकोपर बृहन्मुंबईत आले. १९५७ मध्ये हीच हद्द मुलुंडपर्यंत पोहोचली. घाटकोपरला 'मुंबई' होऊन अद्याप शतकही पूर्ण झालेले नाही. आपल्या गावाची नगरपालिका होती, ही गोष्ट मात्र आजच्या पिढीच्या स्मरणातून बहुतांशी नाहीशी झाली आहे.

पूर्व-पश्चिम दळणवळणाचा इतिहासही असाच विस्मृतीत गेला आहे. मेट्रोमुळे मध्य आणि पश्चिम उपनगरे प्रथमच रेल्वेने जोडली गेली, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः घाटकोपरच्या शेजारील कुर्ल्यातून अंधेरीला जाणारा साष्टी-तुर्भे रेल्वेमार्ग १९२८ मध्ये सुरू झाला होता आणि १९३४ मध्ये तो बंद करण्यात आला. त्यानंतर ऐंशी वर्षांनी पूर्व व पश्चिम उपनगरे लोहमार्गाने पुन्हा जोडली गेली.

स्थळनामांचे थर

जेथे वास्तू उरलेली नाही तेथे नाव हेच साधन ठरते. 'घाट के ऊपर' यावरून घाटकोपर हे नाव पडले, अशी एक लोकप्रिय व्युत्पत्ती सांगितली जाते. ती ऐकावयास सुटसुटीत असली तरी साष्टी आणि ठाणे परिसरातील गावांची नावे हिंदी शब्दसमूहांवरून पडलेली दिसत नाहीत. याउलट डोंबिवलीजवळील कोपर, ठाण्यातील कोपरी आणि खाडीपलीकडील कोपरखैरणे ही नावे पाहिली असता 'कोपर' हे पद या भागात रूढ असल्याचे दिसून येते. टेकडीच्या कोपऱ्यातील गाव असा अर्थ घेणे मराठीच्या प्रकृतीला अधिक जवळचे ठरते.

परिसरातील अन्य नावांचे साधारणपणे चार थर करता येतात. पहिला थर असल्फा, किरोळ अशा जुन्या गावांचा. दुसरा थर वाड्यांचा : भटवाडी, हिराचीवाडी, पारशीवाडी. 'वाडी' या शब्दाने बागायत, मळा अथवा एका मालकाची वस्ती सूचित होते. तिसरा थर गल्ल्यांचा : नवरोजी लेन, कामा लेन, हिंगवाला लेन, खोत लेन. पारशी आणि गुजराती नावे, व्यापारावरून पडलेली आडनावे आणि कोकणातील जमीन महसुलाची आठवण देणारा 'खोत' हा शब्द या चार नावांत एकत्र नांदतो. चौथा थर 'नगरां'चा : पंतनगर, गारोडियानगर, बर्वेनगर, छेडानगर, चिरागनगर, रमाबाई नगर. गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती, खाजगी विकासकांनी पाडलेले भूखंड आणि श्रमिकांनी स्वतः उभारलेल्या झोपडवस्त्या या सर्वांनी 'नगर' हाच शब्द स्वीकारला, ही बाब लक्षणीय आहे. ज्यांना नगराने जागा दिली नाही त्यांनी आपल्या वस्तीलाच नगर म्हटले.

नावांचा हा अभ्यास करण्यास उत्खननाची गरज लागत नाही. स्थानकापासून पायी फिरत पाट्या वाचल्या तरी गाव, बागायत, व्यापार आणि श्रम असा क्रम ध्यानात येतो. मात्र पुनर्विकसित इमारतींना नवी नावे मिळत असल्याने पाट्यांचे हे साधनही फार काळ उपलब्ध राहील असे नाही.

खाडी आणि मिठागरे

पूर्व द्रुतगती मार्गाच्या पलीकडे ठाण्याची खाडी आहे. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत या किनाऱ्यावर मिठागरांची रांग होती व तिचे अवशेष आजही दिसतात. भरतीचे पाणी बांध घालून आत घ्यावयाचे, ते एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात खेळवीत उन्हाने दाट होऊ द्यावयाचे आणि अखेरच्या कप्प्यात मीठ धरू लागले की ते ओढून ढीग लावावयाचे, अशी ही पद्धत. पावसाळ्यात काम बंद राही. 'आगर' या शब्दाशी आगरी समाजाचे नावच जोडलेले आहे. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत वडाळ्याच्या मिठागरावर सत्याग्रहींनी धडक दिली, हे सर्वज्ञात आहे. परंतु मिठागर हे मुंबईच्या भूगोलाचे व श्रमजीवनाचे किती मोठे अंग होते, याची जाणीव त्या प्रसंगापुरतीच मर्यादित राहते.

याच पट्ट्यात शेजारील विक्रोळी येथे गोदरेज उद्योगसमूहाने १९४० च्या दशकात मोठी जमीन घेतली आणि कारखाना उभारला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लागणाऱ्या बारा लाखांहून अधिक लोखंडी मतपेट्या याच कारखान्यात तयार झाल्या. प्रजासत्ताकाच्या आरंभाशी पूर्व उपनगरातील कामगारांचा असा थेट संबंध होता, हे स्थानिक अभ्यासक्रमातून विद्यार्थ्यांपर्यंत सहसा पोहोचत नाही.

खारफुटी, चिखलठाणे आणि मिठागरे यांमुळे हा किनारा पक्ष्यांसाठी आश्रयस्थान झाला. ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यानचा भाग २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. दुसरीकडे, २०२४ मध्ये कांजूर, भांडुप व मुलुंड भागातील मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्विकासातील घरांसाठी राज्याकडे देण्यास केंद्र शासनाने मंजुरी दिली. मीठ पिकविण्याच्या पद्धतीचे, तिच्यातील शब्दांचे आणि मजुरीच्या व्यवहाराचे दस्तऐवजीकरण झाल्याशिवाय ही जमीन हातची गेली, तर एका संपूर्ण व्यवसायाची माहिती तिच्याबरोबर जाईल.

टेकडी : दुर्घटना आणि रंग

लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या पश्चिमेस असलेल्या टेकडीवर दाट वस्ती आहे. १२ जुलै २००० रोजी येथील आझादनगर भागात दरड कोसळून साठांहून अधिक रहिवासी मरण पावले. सपाट जमीन परवडत नसल्याने श्रमिकांनी उतार गाठला आणि पावसाळ्यात उतारानेच त्यांचा बळी घेतला. शहराच्या जमिनीच्या इतिहासाचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचित सापडेल.

त्याच टेकडीवरील असल्फा वस्तीच्या भिंती २०१७ मध्ये एका स्वयंसेवी उपक्रमातून चमकदार रंगांनी रंगविण्यात आल्या. मेट्रोतून दिसणाऱ्या या दृश्याची तुलना इटलीतील किनारी गावाशी होऊ लागली आणि छायाचित्रे घेण्यासाठी लोक येऊ लागले. घाटकोपरला 'प्रेक्षणीय स्थळ' असे लाभले ते या मार्गाने. रहिवाशांना त्यातून मिळालेला आनंद आणि अभिमान नाकारण्याचे कारण नाही. परंतु रंगाने भिंत दिसू लागली तरी भिंतीमागील संरक्षक बांध, पाणी आणि निचरा हे प्रश्न त्यामुळे दिसतातच असे नाही. स्थळ पाहणे आणि स्थळ समजणे या दोन क्रिया भिन्न आहेत, हे असल्फाच्या उदाहरणावरून ध्यानात येते.

चिरागनगर : साहित्याचे एक घर

घाटकोपर पश्चिमेकडील चिरागनगर या झोपडवस्तीत अण्णा भाऊ साठे दीर्घ काळ राहिले. १ ऑगस्ट १९२० रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे जन्मलेले अण्णा भाऊ लहानपणी कुटुंबासह मुंबईत आले, गिरणीत आणि मिळेल त्या ठिकाणी त्यांनी काम केले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची 'माझी मैना' ही छक्कड घरोघरी पोहोचली. १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. 'फकिरा' ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली व १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते सोव्हिएत रशियाला जाऊन आले.

या वस्तीचा त्यांच्या लेखनाशी असलेला संबंध केवळ पत्त्यापुरता नाही. 'चिरागनगरची भुतं' या कथासंग्रहाच्या नावातच ती आली आहे. शहराच्या कडेला जगणारी, चोरीमारी करणारी, भुकेने गांजलेली, तरीही माणूसपण न सोडणारी त्यांची पात्रे अशाच गल्ल्यांतून आलेली आहेत. अखेरच्या काळात ते गोरेगाव येथील शासकीय घरात राहावयास गेले आणि १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्को येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. चिरागनगरमध्ये त्यांचे स्मारक उभारण्याचे राज्य शासनाने जाहीर केले आहे.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. स्मारक उभे राहील तेव्हा आसपासची वस्ती बहुधा पुनर्विकसित झालेली असेल. प्रशस्त सभागृह, ग्रंथालय आणि पुतळा यांचे महत्त्व मोठे आहे. पण ज्या अरुंद बोळात, सार्वजनिक नळाच्या रांगेत आणि पत्र्याच्या घरात ते साहित्य घडले, त्याचे चित्र भावी वाचकाला कोठे मिळणार? त्या बोळांचे नकाशे, घरांची मोजमापे आणि वयोवृद्ध रहिवाशांच्या आठवणी यांची नोंद ही स्मारकाइतकीच आवश्यक ठरते.

माता रमाबाई आंबेडकर नगर : स्मृतीचे स्थळ

घाटकोपर पूर्वेस द्रुतगती मार्गालगत माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे आढळले. संतप्त रहिवासी रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने केलेल्या गोळीबारात दहा जण ठार झाले. शासनाने न्यायमूर्ती गुंडेवार यांची चौकशी समिती नेमली. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्यास दोषी ठरविले. गोळीबारानंतर चार दिवसांनी लोकशाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. आनंद पटवर्धन यांनी या घटनेपासून आरंभ करून चौदा वर्षे चित्रीकरण केले आणि २०११ मध्ये 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट पूर्ण केला.

दर वर्षी ११ जुलै रोजी येथे शहिदांना अभिवादन केले जाते. पर्यटन पुस्तिकेत या ठिकाणाचा उल्लेख नसतो. आधुनिक महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने मात्र हे राजधानीतील एक अत्यंत महत्त्वाचे स्थळ आहे. या वस्तीचा पुनर्विकास मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण व झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण यांच्या संयुक्त योजनेतून होत आहे. पक्के घर हा रहिवाशांचा हक्क आहे आणि इतिहासाच्या नावाखाली कोणासही झोपडीत राहण्यास सांगता येणार नाही. वारसा जतनाचा प्रचलित अर्थ, म्हणजे आहे ते तसेच ठेवणे, येथे अपुरा पडतो तो याच कारणाने.

स्थानिक महाविद्यालयांपुढील कार्य

वरील स्थळांपैकी एकाही ठिकाणी तिकीटघर नाही, मार्गदर्शक नाही. परंतु घाटकोपर व विद्याविहार परिसरात महाविद्यालये आहेत आणि त्यांतील विद्यार्थी याच वस्त्यांतून येतात. ही बाब कोणत्याही गॅझेटिअरकारास उपलब्ध नसलेली अनुकूलता होय. पदवी स्तरावरील प्रकल्पकार्यात पुढील कामे सहज अंतर्भूत करता येतील : गल्ल्या व वाड्यांच्या नावांची नकाशासह सूची, मिठागरांतील कामगारांच्या मुलाखती व व्यवसायातील शब्दांचा संग्रह, चिरागनगर आणि रमाबाई नगर येथील घरांची, सार्वजनिक जागांची छायाचित्रे व आराखडे, तसेच शिधापत्रिका, वीजबिले, मंडळांच्या स्मरणिका आणि शाहिरी कार्यक्रमांच्या पत्रिका यांचे जतन. झोपडपट्टी पुनर्वसनात पात्रता सिद्ध करण्यासाठी रहिवाशांनी जुनी कागदपत्रे काळजीपूर्वक सांभाळलेली असतात. हक्क मिळाल्यानंतर ती फेकून दिली जाण्यापूर्वी इतिहासाच्या अभ्यासकाने तेथे पोहोचणे अगत्याचे आहे. अर्थात हे काम रहिवाशांच्या संमतीने आणि त्यांचे खाजगीपण जपूनच व्हावयास हवे.

समारोप

घाटकोपरमध्ये पाहण्यासारखे काय आहे, या प्रश्नाचे उत्तर 'पाहणे' या शब्दाला आपण कोणता अर्थ देतो यावर अवलंबून आहे. वास्तूचा निकष लावला तर यादी लहानच राहील. श्रम, साहित्य, स्मृती आणि भूगोल हे निकष धरले तर मिठागराच्या बांधापासून चिरागनगरच्या बोळापर्यंत, टेकडीच्या उतारापासून रमाबाई नगरातील अभिवादनस्थळापर्यंत राजधानीच्या इतिहासाचे अनेक दुवे येथे सापडतात. दगडी वास्तू मोडकळीस आली तरी काही काळ उभी राहते; वस्ती मात्र एका हंगामात नकाशावरून नाहीशी होऊ शकते. तिच्या जागी उभी राहणारी इमारत रहिवाशांना सुरक्षित छप्पर देवो, ही अपेक्षा रास्तच आहे. त्या इमारतीत वाढणाऱ्या मुलांना आपण कोठून आलो हे विचारता यावे आणि त्याचे लिखित उत्तर त्यांच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मिळावे, ही जबाबदारी स्थानिक इतिहासाच्या अध्यापकांची आहे.